कामशेतनंतर थेट बीर-बिलिंग : हवा हलली की हात घट्ट होतात, काय करावं?

शहापूरचा वारा (बेळगाव)

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर आणि निपाणी असे आम्ही तिघे ऑक्टोबरच्या शेवटी आठ दिवस हिमाचलातल्या बीर-बिलिंगला पॅराग्लायडिंगला जाऊलालोय. तिघांचंही कामशेतला पी-टू (पॅराग्लायडिंगची दुसरी पायरी) झालंय. प्रत्येकी ३० ते ४० उड्डाणं, सगळी सकाळ-संध्याकाळच्या गुळगुळीत हवेतली. विंग (डोक्यावरचं कापडी पंख) ईएन-ए, म्हणजे युरोपीय चाचणीतला सगळ्यांत सौम्य वर्ग, हार्नेस फोमवाला, रिझर्व्ह (आणीबाणीचं पॅराशूट) गोल.

प्रश्न असे:

१. टेकऑफवर समोर हजार मीटर खोली असताना पाय थबकू नयेत म्हणून काय करायचं?
२. टँडमच्या (प्रवासी घेऊन उडणाऱ्यांच्या) गर्दीत सोलोवाल्यानं कुठं उभं राहायचं, कधी निघायचं?
३. हवा हलली की हात आपोआप खाली येतात. हे सुटणार कसं?
४. तोवर इथं बेळगावात काय सराव होईल? राजहंसगडावरून छोट्या उड्या मारल्या तर?

"काळजी घ्या, मजा करा" नको. आकडे आणि क्रम सांगा.

---

घार

तिसरा प्रश्न सगळ्यांत मोठा, म्हणून तो आधी घेतो.

माणूस घाबरला की मुठी आवळतो आणि हात पोटाशी घेतो. सायकलवर हे चालतं, कारण तिथं ब्रेक दाबला की सायकल थांबते. पॅराग्लायडरचा ब्रेक दाबला की विंग हळू होते, आणि हळू झालेली विंग स्टॉलच्या, म्हणजे उडणं सोडून कोसळण्याच्या, जवळ जाते. म्हणजे ज्या क्षणी विंगला वेग लागतो त्याच क्षणी भीती तिचा वेग काढून घेते. हातांचा स्वभाव बदलला की आत्मविश्वासाचं निम्मं काम झालं. बाकी निम्मं टेकऑफवर जायच्या आधी ठरवून ठेवायचं असतं.

आता हातांचं. शांत हवेत ब्रेक पूर्ण सोडून, हात वर पुलीला (जिच्यातून ब्रेकची दोरी जाते) टेकवून, दहा सेकंद उडा. मग ब्रेकमध्ये फक्त दंडाचं वजन येईल इतकेच हात खाली घ्या. साधारण एक-दीड किलोचा ताण, दोन्ही हातांत किलोकिलोची साखरेची पिशवी लोंबकळतेय समजा. ही तुमची मूळ जागा. हवा हलल्यावर हातांची जागा धरून ठेवायची नाही, तो ताण धरून ठेवायचा. एका बाजूचा ताण गेला, ब्रेक हलका लागला, म्हणजे त्या बाजूची विंग मऊ पडतेय. तेवढाच हात खाली घ्या, ताण लागेपर्यंत. ताण परत आला की हात परत वर. हा 'परत वर' बहुतेकजण विसरतात. पाच धक्क्यांत पाच वेळा हात दोन-दोन इंच खाली येतात, वर एकदाही जात नाहीत, आणि शेवटी माणूस कमरेशी ब्रेक धरून उडत असतो. त्याला ते कळतही नाही.

उपाय साधा आहे. दर मिनिटाला एकदा हात पुलीला टेकवायचे. व्हॅरिओवर (उंची आणि चढ-उतार दाखवणाऱ्या यंत्रावर) मिनिटाचा गजर ठेवता आला तर ठेवा.

पुढे-मागे झोके आले तर असं: विंग पुढं झेपावली, म्हणजे नजरेच्या टोकाला समोर दिसायला लागली, की ब्रेक दाबा. विंग मागं राहिली आणि तुम्ही पुढं झुललात की हात वर. नवखे नेमकं उलटं करतात. मागं पडल्यावर पोटात गोळा येतो आणि हात खाली जातात.

मनाला धीर म्हणून एक आकडा. ईएन चाचणीत ए वर्गातल्या, कमाल वजन ८० ते १०० किलो असलेल्या ग्लायडरला सरळ उड्डाणात स्टॉल व्हायला ६० सेंटिमीटरपेक्षा जास्त ब्रेक ओढावा लागतो. दहा-वीस सेंटिमीटरनं काही बिघडत नाही. खरं ते मापन शांत हवेतलं. खवळलेल्या हवेत तेवढी मोकळीक गृहीत धरू नका.

---

माळावरचा

चौथा प्रश्न माझा.

राजहंसगड आधी डोक्यातून काढा. सांबऱ्याला नागरी विमानतळ आणि हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र दोन्ही आहेत, वरची हवा आपली नाही. परवानगीशिवाय उडायचंच नाही. तसंच कुणी चोर्ला-आंबोलीकडचे कडे सुचवले तर तेही नको. पश्चिमेचा वारा कड्यावर छान चढतो, खरं खाली सगळं जंगल, उतरायला शेताएवढी जागा नाही. पश्चिमेचा वारा पडून पूर्वेचा सुरू झाला की तोच कडा उलट्या बाजूला येतो, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाला. तिथं हवा भोवऱ्यासारखी खाली लोळते.

राहिलं ग्राउंड हँडलिंग, म्हणजे न उडता जमिनीवर विंग हाताळायचा सराव. बीरच्या पहिल्या दिवसाची निम्मी भीती माळावरच संपवता येते. तुमच्या हातात आठ आठवडे असतील तर वीस तास करा, आठवड्याला अडीच तास.

जागा कुठली? ऑक्टोबरात येळ्ळूर-खानापूरकडं भात उभं असतं आणि निपाणीकडं तंबाखू, त्यामुळं शेतं मिळणार नाहीत. गावाची गायरानं बघा, ग्रामपंचायतीला विचारून. विजेच्या तारांपासून निदान शंभर मीटर लांब. खानापूरकडं जांभ्याचा माळ असतो. तिथं खडे कापड घासतात, म्हणून मांडताना मागच्या कडेखाली ताडपत्री टाका.

आणि कुसळं! ऑक्टोबरात माळावर कुसळं पिकलेली असतात. ती कापडात घुसतात, ब्रेकच्या लाइनीत अडकतात आणि टेकऑफवर गाठ होऊन बसतात. घडी घालण्याआधी विंग उलटी झटका, मग लाइनी बोटांच्या चिमटीतून वरपासून खालपर्यंत ओढून घ्या. वीस मिनिटं जातात. ती द्या.

काय करायचं ते आता:

वारा १० ते १५ किमी. हेल्मेट, हातमोजे, घोट्यावर येणारे बूट, पूर्ण हार्नेस. तोंड विंगकडे करून विंग वर आणा आणि साठ सेकंद धरा. जमलं की पाठ फिरवून साठ सेकंद, वर न बघता. वर न बघता हे महत्त्वाचं, कारण हवेतही तुम्ही विंगकडं बघत नसता. कुठली बाजू जड, कुठली हलकी, हे नितंबांना आणि हातांना कळलं पाहिजे.

मग विंग मुद्दाम एका बाजूला झोपवा, टोक जमिनीला टेकू द्या आणि परत वर आणा. दोन्ही बाजूंनी वीस-वीस वेळा. त्यात पाय चालले पाहिजेत. विंग डावीकडं पडली की तुम्हीही डावीकडं, विंगच्या खाली जायचं. नुसत्या ब्रेकनं खेचत बसलात की ती आणखी पडते.

मग पन्नास मीटरवर एक पिशवी ठेवा आणि विंग डोक्यावर घेऊन तिथवर चालत जा, परत या.

शेवटी थांबवणं. मागचे रायझर (लाइनी हार्नेसला जोडणारे पट्टे) दोन्ही हातांनी झटकन खाली ओढले की विंग मागं बसते. नुसते ब्रेक ओढलेत तर जोराच्या वाऱ्यात ती आधी तुम्हाला उचलते, मग फरफटवते. फरफटत गेलाच तर एकच ब्रेक पूर्ण ओढून हाताला गुंडाळत राहा, नाहीतर उठून विंगकडं पळा. हे पन्नास वेळा करा. आपल्याला थांबवता येतंय हे हाताला माहीत झालं की टेकऑफवर पाय थबकत नाहीत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं.

---

कुंदाप्रेमी

कुसळांचं लाख बोललात. हार्नेसच्या फोममध्ये घुसलेलं एक कुसळ तासभर टोचत राहतं आणि माणूस त्यालाच थर्मल (वर चढणारी गरम हवा) समजतो. :)

एक भर. रिव्हर्समध्ये, म्हणजे विंगकडं तोंड करून ती वर आणल्यावर, वळायची बाजू एकच ठरवा, आयुष्यभर तीच. हूक लावताना मोठ्यानं म्हणा, "उजवीकडं वळणार." गर्दीत घाईघाईत कुणी उलट्या बाजूला वळलं की रायझरला पीळ पडून माणूस तोंड मागं करून हवेत जातो. बीरच्या टेकऑफवर घाई करणारे भरपूर असतात, तुम्ही त्यातले होऊ नका.

---

रायझर

उंचीचा हिशेब कुणी दिला नाही, तो देतो. कामशेतवाल्यांना बिलिंगवर पहिलं आश्चर्य त्याचंच वाटतं.

बिलिंगचं टेकऑफ साधारण २४०० मीटरवर आणि बीरचं लँडिंग त्याच्या खाली हजारेक मीटर. २४०० मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या सुमारे ७९ टक्के दाट असते. विरळ हवेत तेवढंच वजन उचलायला विंगला जास्त वेग लागतो, साधारण १२ टक्के. समुद्रसपाटीला ३७ किमी वेगानं जाणारी तुमची विंग तिथं ४१-४२ नं जाते. आपलं बेळगाव साडेसातशे मीटरवर, इथं हा फरक चारेक टक्केच. म्हणून माळावर जमलेलं धावणं बिलिंगवर अपुरं पडतं. वारा नसेल तर तीन-चार पावलं जास्त, छाती पुढं, आणि पाय जमीन सोडेपर्यंत पळत राहायचं. हार्नेसमध्ये बसायची घाई झाली की विंगवरचं वजन क्षणभर कमी होतं आणि माणूस परत जमिनीवर आपटतो. बसायचं जमिनीपासून नीट दूर गेल्यावर, आणि त्यासाठी ब्रेक सोडून हात हार्नेसकडं न्यायचे नाहीत. गुडघे वर घ्या, बसाल.

लँडिंगलाही तेच. बीरला सातेक टक्के वेग जास्त लागतो. जमीन जास्त जोरात धावताना दिसली की माणूस घाबरून लवकर फ्लेअर करतो (उतरताना दोन्ही ब्रेक पूर्ण ओढतो) आणि दोन मीटरवरून पडतो. फ्लेअर एक मीटरवर, नजर जमिनीवर नाही तर समोर लांब.

आता ग्लाइड, म्हणजे एक मीटर खाली येताना किती मीटर पुढं जाता. कंपनी ८ सांगते, तो आकडा शांत हवेचा आहे. ३७ किमी म्हणजे सेकंदाला १०.३ मीटर पुढं आणि सव्वा मीटर खाली.

समोरून १५ किमी वारा असेल तर पुढं फक्त ६.१ मीटर, म्हणजे ग्लाइड ४.९.

आणि सेकंदाला ३ मीटरच्या सिंकमध्ये (खाली जाणाऱ्या हवेत) सापडलात तर खाली ४.२५ मीटर, ग्लाइड २.४.

आठाची विंग अडीचाची होते, आणि डोंगरात हे रोज होतं. म्हणून लँडिंगकडं निघायचा निर्णय ४ ग्लाइड धरून करा. उंची उरली तर लँडिंगच्या कडेला आठच्या आकड्यासारखी वळणं काढून जिरवता येते. कमी पडली तर विकत मिळत नाही.

सिंकमध्ये सापडल्यावर काय? हात वर, थोडा स्पीड बार (पायानं दाबून विंगचा वेग वाढवायचा दांडा), आणि त्यातून आडवं बाहेर पडायचं. पुन्हा तोच मुद्दा बघा, घाबरलेला माणूस अशा वेळी ब्रेक ओढतो आणि सिंकमध्येच जास्त वेळ बसतो.

वजन बघितलंत का? अंग ७२, विंग ५, हार्नेस-रिझर्व्ह ७, हेल्मेट-बूट-कपडे ३, पाणी आणि सटरफटर ३, एकूण ९०. विंगची मर्यादा ७५-९५ असेल तर उत्तम. मर्यादेच्या वरच्या अर्ध्यात राहा. वजन कमी पडलं तर विंग सैल राहते, धक्क्यांत लवकर मिटते. तिथं लोकरीचे थर वाढतात, ते धरून तिकडंच एकदा तराजूवर उभे राहा.

---

शहापूरचा वारा

राव, ५० वेळा थांबवायचं हे कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही फक्त उचलायचंच शिकलो.

दोन उपप्रश्न. आमच्यातला एकजण जायच्या आधी ईएन-बी (एक वर्ग वरची) विंग घेऊलालाय, सेकंडहँड, स्वस्तात. आणि पहिल्या दिवशी टँडम घ्यावी का?

---

घार

बी विंग आत्ता नको. नवा डोंगर, नवी हवा आणि नवी विंग एकाच आठवड्यात नको. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सेकंडहँड घेतलीच तर कापडाची पोरॉसिटी (त्यातून हवा किती झिरपते), लाइनींची लांबी आणि ताकद तपासून घेतल्याचा कागद मागा. लाइनी आक्रसतात, मागच्या जास्त, कारण त्यांच्यावर ताण कमी असतो. मागच्या आखडल्या की विंग कायम थोडा ब्रेक लावल्यासारखी उडते, वर आणताना मागं रेंगाळते, आणि मालकाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. अशा विंगवर कुणाचाही आत्मविश्वास जाईल.

---

कुंदाप्रेमी

टँडम घ्याच म्हणतो मी. उडायला शिकण्यासाठी नाही, जागा बघायला. पायलटदादाला आधी सांगायचं, कसरती नकोत, मला विजेच्या तारा कुठं, सिंक कुठं लागतं आणि लँडिंगचा मार्ग कुठून घ्यायचा ते दाखवा.

---

माळावरचा

मला ते पटत नाही. टँडमची विंग चाळीस चौरस मीटरच्या आसपास, वजन दुप्पट. ती हवेत बैलगाडीसारखी जाते, तुमची विंग त्याच हवेत सायकलसारखी उडेल. टँडममध्ये "काहीच नाही हो" वाटलं म्हणून दुपारी निघालात तर फसाल. जागाच बघायची तर पहिल्या दिवशी उडू नका. लँडिंगवर दोन तास बसा. कोण कुठून येतो, वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी कधी फिरते, किती वाजता लोक उतरताना हेलकावे खायला लागतात, हे वहीत लिहा. फुकट आहे.

---

कुंदाप्रेमी

बसा की, टँडम करून मग बसा.

---

ढगाखालचा (खानापूर)

वेळेचं बोलू. डोंगरात भीतीचं घड्याळ असतं.

सकाळी उतारावर ऊन पडलं की गरम हवा उतारावरून वर सरकते. पहिला तास-दीड तास ती मऊ असते. दुपारी थर्मल धारदार होतात आणि दरीचा वारा जोर धरतो. ऊन कललं की पुन्हा सगळं मवाळ होतं, आणि सूर्य गेल्यावर हवा उतारावरून खाली वाहायला लागते, तेव्हा टेकऑफ संपतं.

पहिले तीन दिवस फक्त सकाळचं पहिलं उड्डाण आणि उशिरा दुपारचं एक. मधल्या वेळेत जेवा, झोपा. चौथ्या दिवशी सकाळचं उड्डाण अर्धा तास उशिरा. पाचव्याला आणखी अर्धा. शरीराला धक्क्यांची सवय अशी चमच्या-चमच्यानं द्यायची.

थर्मल घेताना आधी उताराजवळ आठाचे आकडेच काढा, प्रत्येक वळण डोंगरापासून बाहेरच्या बाजूला. पूर्ण गोल तेव्हाच, जेव्हा डोंगर निदान शंभर-दीडशे मीटर लांब किंवा खाली असेल. गोल फिरताना वाऱ्यानं तुम्ही डोंगराकडं सरकत असता, हे वर बघणाऱ्याला कळत नाही.

ढग वाढताना दिसला, व्हॅरिओ थांबायचं नाव घेत नाही, खाली काळपट सपाट तळ रुंद होतोय, तर त्या तळाच्या कडेला निघा, तळ गाठायची वाट बघू नका. तेव्हा बिग इअर्स. दोन्ही बाजूंच्या सगळ्यांत बाहेरच्या ए-लाइनी (विंगच्या पुढच्या कडेच्या) वरून खाली ओढायच्या, टोकं दुमडतात, खाली जाण्याचा वेग सेकंदाला अडीच-तीन मीटर होतो. आधी इअर्स, मग स्पीड बार, याच क्रमानं. उलट केलंत तर बार दाबलेल्या विंगचा पुढचा भाग मिटू शकतो. इअर्समध्ये दिशा फक्त वजनानं. इअर्स लावून स्पायरल (गरगर फिरत झपाट्यानं खाली येणं) कधीच नाही, उरलेल्या थोड्या लाइनींवर सगळा भार येतो. निघायच्या आधी कामशेतला शांत हवेत दहा वेळा करून ठेवा. ढगाखाली पहिल्यांदा करायची ही गोष्ट नव्हे.

आणि विंग मिटलीच तर? एक बाजू लोंबतेय असं समजा. क्रम: उघड्या बाजूला वजन, त्या बाजूला थोडा ब्रेक, दिशा सरळ, डोंगरापासून दूर. मगच मिटलेल्या बाजूला एक लांब, पूर्ण पंप, म्हणजे ब्रेक खालपर्यंत ओढून सोडणं. ए वर्गाची विंग बहुतेक वेळा तुमच्या आधीच उघडते. मिटलेल्या विंगमुळं जेवढं बिघडतं त्याहून जास्त उघड्या बाजूचा ब्रेक कचकचून ओढल्यानं बिघडतं. ती बाजू स्टॉल होते आणि विंग गरकन फिरते.

---

तंबाखूच्या देशातली (निपाणी)

रिझर्व्हबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी.

शेवटची घडी सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल तर जायच्या आधी पुन्हा घालून घ्या. आपला पावसाळा बाहेरच्या डब्यातही दमट शिरतो आणि घड्या चिकटतात. घडी घालण्याआधी झुलत्या हार्नेसमधून एकदा खरंच फेकून बघा. पिना सरळ आहेत का, हँडल आपल्याच हाताच्या लांबीला येतं का, डबा बाहेर येताना अडतो का, हे तिथंच कळतं.

प्रत्येक उड्डाणात दोनदा, न बघता, हात हँडलवर न्यायचा. ओढायचं नाही, फक्त शोधायचं. हातमोजे घालून.

वापरायची वेळ आली तर: बघा, धरा, ओढा, मोकळ्या हवेकडं जोरात फेका. मग विंग ब्रेकनं किंवा लाइनी ओढून गोळा करा, नाहीतर ती आणि रिझर्व्ह एकमेकांना खेचत बसतात. ईएन १२४९१ मध्ये रिझर्व्हचा खाली येण्याचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त साडेपाच मीटर धरलाय. म्हणजे दीड मीटर उंच भिंतीवरून उडी. पाय एकत्र, गुडघे किंचित वाकलेले, आणि घोटा, पोटरी, मांडी, कंबर, खांदा अशा क्रमानं एका बाजूला लोळायचं. हे घरी गादीवर करा. घरचे हसतील, हसू द्यात.

झाडावर पडलात तर स्वतः उतरायला जाऊ नका. पडल्यावर बहुतेकदा काही होत नाही आणि उतरताना पाय मोडतात. विजेच्या तारेवर अडकलेल्याला वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

आणि शहापूरकर दादा, गर्दीचं तुम्ही विचारलंत. उतारावर समोरासमोर आलात तर ज्याच्या उजव्या हाताला डोंगर आहे त्याचा मार्ग. दुसऱ्यानं उजवीकडं, डोंगरापासून बाहेर वळायचं. थर्मलमध्ये आधी असलेल्यानं जी दिशा घेतली तीच तुमची, आणि खालच्याला वरचा दिसत नाही, म्हणून काळजी वरच्यानं घ्यायची. प्रत्येक वळणाआधी डोकं फिरवून बघा, डोळे नुसते फिरवू नका. हेल्मेटच्या कडेनं अर्धं आकाश झाकलेलं असतं.

टेकऑफवर सगळी तयारी बाजूला करायची: हूक, रेडिओ, हेल्मेट, सगळं. विंग फुलाच्या गड्डीसारखी उचलून जागेवर न्यायची, मांडायची आणि दोन मिनिटांत निघायचं. दोन मिनिटांत निघावंसं वाटलं नाही तर गोळा करून परत बाजूला. कुणी "चलो चलो" ओरडलं तर ओरडू द्या. तुमचा वारा त्याला लागत नाही.

---

रायझर

> टेकऑफवर सगळी तयारी बाजूला करायची

यात क्रम महत्त्वाचा. हेल्मेट आधी, मग पायाचे पट्टे, मग छातीचा. काढताना पायाचे सगळ्यांत शेवटी. पायाचे पट्टे विसरून निघालेला माणूस काखेत लटकतो, हार्नेसमध्ये बसू शकत नाही आणि ब्रेकही धरू शकत नाही. हे नवख्यांपेक्षा जुन्यांच्या हातून जास्त होतं, कारण कुणीतरी मध्येच हाक मारतो आणि तपासणी अर्धवट राहते. कुणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून.

प्रवासाचं: गोवा एक्सप्रेस बेळगावहून थेट हजरत निजामुद्दीन, पुढं दिल्लीहून बस. विंग बाकाखाली सरकवा, पाण्याच्या बाटल्यांपासून लांब. ओली घडी आठ दिवस राहिली तर कापडाला बुरशी धरते.

---

शहापूरचा वारा

सगळ्यांचे आभार. बी विंगवाल्याला धागा दाखवला, तो गप्प झालाय. टँडमवर आमच्यात दोन मतं आहेत, तीच इथं आहेत.

तुमचं सगळं गाळून एक कार्ड केलंय, लॅमिनेट करून कॉकपिटवर (हार्नेसपुढच्या यंत्रांच्या पाटीवर) लावणार. तपासा.

न उडायचं: झोप सहा तासांपेक्षा कमी. पोहोचल्याचा पहिला दिवस. टेकऑफवर वारा २० किमीच्या वर, किंवा झुळूक आणि शांत यांच्यात ८ पेक्षा जास्त फरक. पुढचे तिघे टेकऑफनंतर लगेच हेलकावताना दिसले.

टेकऑफ: हेल्मेट, पाय, छाती, रिझर्व्हच्या पिना, स्पीड बार जोडला, रायझर सरळ, लाइनी मोकळ्या, विंग उघडी, वारा, आकाश. "उजवीकडं वळणार." जमीन सुटेपर्यंत पळणं.

हवेत: दर मिनिटाला हात पुलीला. दोनदा रिझर्व्हचं हँडल. निघायचा हिशेब ४ ग्लाइडचा.

लँडिंग: व्हॅरिओवर ३०० मीटरला लँडिंगच्या कडेला. ३० मीटरखाली वळण नाही. त्याआधीच पाय खाली.

---

ढगाखालचा

वाऱ्याची मर्यादा पहिल्या तीन दिवसांसाठी १५ करा. २० तुमच्या शेवटच्या दिवसांसाठी.

---

रायझर

कार्ड चांगलंय. एक चूक आहे आणि ती महागात पडेल. "व्हॅरिओवर ३००" कधीच दिसणार नाही. व्हॅरिओ समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो आणि बीरचं लँडिंग मुळात चौदाशेच्या वर आहे. कामशेतच्या सवयीनं तुम्ही आकडा बघाल, १७०० दिसेल, आणि वाटेल भरपूर उंची आहे, तेव्हा खाली तीनशेही उरलेले नसतील.

दोन उपाय. व्हॅरिओत दुसरी उंची असते, ती लँडिंगवर उभं राहून शून्य करा. किंवा लँडिंगवर जाऊन आकडा वाचा, त्यात ३०० मिळवा आणि कार्डावर ती बेरीज लिहा. हवेच्या दाबावर चालणारा व्हॅरिओ असेल तर रोज सकाळी टेकऑफची माहीत असलेली उंची घालून जुळवून घ्या. दाब एक मिलिबार बदलला की तिथं आकडा नऊ-दहा मीटरनं सरकतो, आणि रात्रीत तीन-चार मिलिबार सहज बदलतो.

---

शहापूरचा वारा

बरं झालं लॅमिनेट केलं नव्हतं. ती जागा रिकामी ठेवतो, बीरला पोहोचल्यावर लँडिंगवर उभं राहून पेनानं भरतो.